फ्लेमिंगो लोकलच्या डब्यात आणलेत, पण ते तिथे उभे राहत नाहीयेत

ओहोटी | शनिवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. या जोडचित्रांच्या विभागात आजवर नुसती वाचत होते, आज अडले म्हणून धागा काढतेय.

चित्र असं: हार्बरची रिकामी लोकल. डब्यात गुडघाभर खाडीचं पाणी. पाण्यात फ्लेमिंगो. काही माना खाली घालून चरतायत, दोन दारात उभे आहेत, एक खिडकीतून बाहेर बघतोय. वर कड्या लोंबतायत, पंखे जागच्या जागी, साखळीवरची सूचनासुद्धा तशीच. बस, एवढंच. आकाशात दोन चंद्र, वितळणारं घड्याळ, ढगावर टेकलेली शिडी यातलं काही नाही. ते बघून बघून कंटाळा आलाय. वाशीच्या पुलावरून रोज ये-जा करणाऱ्याला ही कल्पना कुठून आली ते सांगायला नको.

साहित्य: डबा पनवेलला गाडी रिकामी झाल्यावर मोबाइलवर टिपला, उभ्याने, मधल्या वाटेतून. पक्षी ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्राच्या बोटीतून, भाड्याने आणलेल्या १५०-६०० लेन्सवर, संध्याकाळच्या फेरीत. पाणी नेरुळच्या खाडीकाठचं. जोडकाम फोटोपिया या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, आणि फाइल आपल्याच मशीनवर राहते.

पक्षी नीट कापलेत. लेयर मास्क (थरातला नको तो भाग न खोडता झाकणारा पडदा) वापरलाय, खोडरबर नाही. सावल्या दिल्या, पाण्यात प्रतिबिंबं उलटी करून टाकली. तरी भाची बघून म्हणाली, "मावशी, स्टिकर मस्त चिकटवलेत." आणि तिचं बरोबर आहे! प्रत्येक तुकडा खरा आहे, पण सगळे मिळून खोटे वाटतात. कुठे बिघडतंय? सॉफ्टवेअर बदलू का?

---

टोमणेसम्राट | शनिवार, रात्री ११:५१

पहिला प्रश्न: चौथ्या सीटवर फ्लेमिंगो बसतो की उभ्यानेच जातो?

---

येऊरवाला | रविवार, सकाळी ७:१५

ओहोटीताई, सॉफ्टवेअर अजिबात बदलू नका. फोटोशॉप, फोटोपिया, गिंप, अ‍ॅफिनिटी, या कामापुरतं सगळ्यांत तेच मिळतं. गिंपला ३.० पासून म्हणजे २०२५ च्या मार्चपासून मूळ लेयरला धक्का न लावता इफेक्ट देता येतात. अ‍ॅफिनिटी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून फुकट झालंय. तुमचं दुखणं वेगळंच आहे. तुमच्या चित्रात दोन क्षितिजं आहेत.

डब्याचा फोटो उघडा. सीटच्या कडा, कड्यांची नळी, खिडक्यांची खालची पट्टी, या सगळ्या सरळ रेषा पेनने मागे वाढवा. त्या एका बिंदूत मिळतील. मोबाइल वाकडा धरला नसेल तर त्या बिंदूतून आडवी रेघ मारा. ती डब्याची क्षितिजरेषा. ही रेघ तुमच्या मोबाइलच्या उंचीवर असते, म्हणजे उभ्याने काढला असेल तर जमिनीपासून दीड मीटर धरू.

आता गंमत बघा. सपाट जमिनीवर दीड मीटर उंचीची कुठलीही वस्तू, जवळ असो की डब्याच्या पार टोकाला, तिचं टोक त्या रेघेलाच लागणार. पाऊण मीटर उंचीची वस्तू पायापासून रेघेपर्यंतच्या अंतराच्या बरोबर अर्ध्यावर संपणार. लांब गेली की लहान होईल, पण हे प्रमाण सुटणार नाही. मोठ्या फ्लेमिंगोची उंची साधारण १२० ते १४५ सेंटिमीटर असते. म्हणजे मान ताठ करून उभ्या असलेल्या प्रत्येक पक्ष्याचं डोकं रेघेच्या जरासं खाली हवं. तुमच्या चित्रात मागच्यांची डोकी कड्यांना टेकलीयेत. ते पक्षी सात-आठ फुटी झालेत. भाचीने हेच ओळखलं, तिला सांगता आलं नाही इतकंच.

दुसरी गोष्ट. तुम्ही पक्षी लांबून, बोटीतून, जवळजवळ त्यांच्याच उंचीवरून टिपलेत. म्हणून ते अगदी बाजूने दिसतात, पाठ दिसत नाही. डब्यात तुमच्यापासून दीड मीटरवर पक्षी उभा असता तर तुम्हाला त्याची पाठ वरून दिसली असती. लेन्स कुठली हा मुद्दा नाही. बाजू किती आणि पाठ किती दिसणार हे तुम्ही किती लांब आणि किती उंच उभे आहात त्यावर ठरतं. त्यामुळे पुढचा पक्षी कितीही खटाटोप केला तरी बसणार नाही. त्याला काढून टाका. सगळे डब्याच्या मागच्या अर्ध्यात न्या. डबा वीसेक मीटरचा आहे, जागा भरपूर. पुढे नुसतं पाणी राहू दे.

---

पाणथळी | रविवार, सकाळी ९:०३

येऊरवाल्यांना एक उपसूचना. तुम्ही मोठा रोहित, म्हणजे मोठा फ्लेमिंगो, धरून चाललात. आपल्या खाडीत लहान रोहितही येतात आणि झुंडीत तेच जास्त दिसतात. लहान म्हणजे ८०-९० सेंटिमीटर. चोच गडद, लालसर काळी. मोठ्याची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. ताईंनी दोन्ही जाती एकाच मापाच्या करून ठेवल्यात. खिडकीतून बघणारा लहान रोहित आहे, तो सीटच्या पाठीइतका हवा आणि आत्ता तो शेजारच्या मोठ्याच्या डोक्यावरून बघतोय!

पिल्लंही घ्या की एक-दोन. ती राखाडी-तपकिरी असतात. गुलाबी रंग नंतर, शेवाळ आणि कोळंबीसारखे जीव खाऊन येतो. सगळेच भडक गुलाबी असले की प्लास्टिकचे वाटतात. आणि चरणाऱ्या रोहिताची चोच पाण्यात उलटी असते, तेव्हा मान खाली घातलेल्यांची चोच पाण्यावर दिसता कामा नये.

अवांतर: बोटीच्या वेळा भरती-ओहोटीवर असतात, हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. फोटोच्या नादात थवा उडवायला लावू नका, कुणीच.

---

टोमणेसम्राट | रविवार, सकाळी ९:१०

आता पक्ष्यांची जातपडताळणीपण सुरू झाली.

---

सावलीचा पाठलाग | रविवार, दुपारी १:३०

मोजमापावर येऊरवाल्यांशी सहमत. पण माझ्या मते जास्त गोंधळ पाण्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१. सावली. तुम्ही पाण्यावर काळ्या, कडक कडांच्या सावल्या पाडल्यात. स्वच्छ पाण्याच्या पृष्ठभागावर सावली जवळपास पडतच नाही, ती तळावर जाते. गढूळ पाण्यावर दिसते, कारण त्यातले मातीचे कण उजेड परतवतात. खाडीचं पाणी गढूळ आहे, म्हणून सावली असू दे, पण मऊ आणि तपकिरी. काळी नको. लेयर मल्टिप्लायवर (खालचं चित्र गडद करणारा मोड) ठेवा, रंग त्याच पाण्यातला गडद रंग उचलून घ्या. डब्यात उजेड छतावरच्या लांबट ट्यूबांचा आहे, त्यामुळे कुठलीच सावली धारदार नाही. फक्त पाय जिथे पाण्यात शिरतो तिथे बोटभर गडदपणा द्या. एवढ्याने पक्षी निम्मा उभा राहतो.

दारातून ऊन येत असेल तर त्याचा हिशेब निराळा. सूर्य आपल्याला अर्ध्या अंशाएवढा दिसतो, त्यामुळे उन्हाच्या सावलीची कड अडवणाऱ्या वस्तूपासून दर मीटरला साधारण एक सेंटिमीटर पसरते. दाराच्या चौकटीपासून दोन मीटरवर पाण्यात पडलेल्या उन्हाची कड दोनेक सेंटिमीटर विरळ हवी. आणि सगळीकडे एकच ब्लर लावू नका. चौकटीजवळ कमी, लांब जास्त.

२. प्रतिबिंब. नुसता पक्षी उलटा करून ठेवला की पायांपुरतं चालतं, कारण पाय म्हणजे उभ्या काड्या. धडाला चालत नाही. पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे पाण्याखालून वर बघणाऱ्या कॅमेऱ्याला जे दिसेल ते. त्याला पोट दिसतं. तुम्ही पाठीची पिसं पाण्यात दाखवलीत. उपाय सोपा: प्रतिबिंबातला धडाचा भाग गडद करा, तपशील पुसा, आडव्या लाटांनी थोडा मोडा. फिल्टरमध्ये डिस्प्लेस (चित्र नकाशाप्रमाणे हलवून मोडणारा) आहे, त्याला पाण्याचाच काळा-पांढरा फोटो नकाशा म्हणून द्या.

३. हे कुणीच करत नाही म्हणून मुद्दाम. सरळ खाली बघितलं तर पाणी फक्त दोनेक टक्के उजेड परतवतं. नजर तिरपी होत गेली की प्रमाण झपाट्याने वाढतं. म्हणजे तुमच्या पायाशी गढूळ पाणी दिसेल, आरसा नाही. डब्याच्या टोकाला जवळजवळ आरसा. तुमच्या चित्रात पुढून मागपर्यंत प्रतिबिंबं सारखीच झळाळतायत. प्रतिबिंबांचा एक गट करा, त्याला मास्क द्या, पुढे काळा मागे पांढरा असा हळूहळू बदलणारा ग्रेडियंट ओढा. आणि फक्त पक्ष्यांचीच नाही हां, ट्यूबा, खिडक्या, कड्या या सगळ्यांची प्रतिबिंबं हवीत. पाणी पक्षपात करत नाही.

---

नौपाडेकाका | रविवार, दुपारी ४:२०

धागा वाचून हात शिवशिवले. मी नौपाड्यात एका स्टुडिओत तरुणपणी रिटचिंगला होतो. तुम्ही ज्याला कॉम्पोझिट (जोडचित्र) म्हणता ते आम्ही पोटापाण्यासाठी करत होतो, सरिअल (स्वप्नासारखं अशक्य) वगैरे कुणी म्हणत नसे.

गिऱ्हाईक यायचं, सोबत लग्नाचा ग्रुप फोटो. वडील वारले, त्यांचा एकट्याचा फोटोच नाही, भिंतीवर लावायला हवा. मग त्या ग्रुपमधून वडिलांचं डोकं मोठं करायचं, दुसऱ्या कुणाच्या कोटावर बसवायचं, मागची मंडळी ब्रशने पुसून टाकायची. निगेटिव्हवर लाल ओपेक (उजेड अडवणारा रंग) मारला की तेवढा भाग कागदावर कोरा पांढरा येतो. आमचा मास्क तोच. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या निगेटिव्हवर पेन्सिलने भरायच्या, रिटचिंग डेस्कला पाठीमागून उजेड असे. प्रिंटमध्ये एखादा भाग फार काळा आला तर फेरिसायनाइड आणि हायपोच्या पाण्यात कापूस बुडवून हलकेच उजळायचा. एक क्षण जास्त झाला की गाल पांढराफटक, आणि प्रिंट टोपलीत. तुमच्यासारखं कंट्रोल झेड नव्हतं.

उस्ताद आम्हाला एकच विचारायचा: "नाकाची सावली कुठल्या बाजूला?" धड एका उजेडातलं आणि डोकं दुसऱ्या उजेडातलं असलं की गिऱ्हाईकाला कारण कळायचं नाही, पण "हे बाबा वाटत नाहीत" असं म्हणून फोटो परत करायचं. ओहोटीताई, तुझ्या पक्ष्यांवर डावीकडून संध्याकाळचं तांबूस ऊन आहे. डब्यात वरून पांढऱ्या ट्यूबा. वरच्या सगळ्या मोजमापाआधी हे बघ.

---

ओहोटी | रविवार, रात्री १०:०५

काका, हे वाचून चित्र परत उघडलं. डावीकडून ऊन आहे खरंच, प्रत्येकाच्या मानेच्या डाव्या बाजूला केशरी पट्टा. तो काढू कसा? पूर्ण रंग उतरवला तर पक्षी मेल्यासारखे दिसतात.

---

येऊरवाला | रविवार, रात्री १०:४०

काढू नका. डब्यालाच तसं ऊन द्या. डाव्या दारातून संध्याकाळचं ऊन आत येतंय असं करा. वाशी पुलावर संध्याकाळी ते येतंच. मग ज्या पक्ष्यांवर पट्टा आहे ते दारांसमोर उभे करा, बाकीचे सावलीत. सावलीतल्यांपुरता कर्व्हज (उजेड आणि रंग वक्ररेषेने बदलणारा) लेयर क्लिप करून लाल थोडा खाली, निळा थोडा वर. पाठीवर ट्यूबचा पांढरा उजेड सॉफ्ट लाइट मोडमधल्या राखाडी लेयरवर हलक्या ब्रशने.

तपासायला तीन गोष्टी. सगळ्यांत वर एक काळा लेयर टाकून मोड कलर करा, चित्र कृष्णधवल होईल, आणि उजेड-अंधार कुठे चुकला ते रंगाच्या भुलीशिवाय दिसेल. मग एक कर्व्हज लेयर घेऊन तीन-चारदा वरखाली मोडा, चित्र भयाण दिसेल, पण जो तुकडा परका आहे तो वेगळ्याच रंगात उठेल. आणि चित्र आडवं उलटवून बघा. डोळा सरावलेला असतो, त्याला झटका लागतो.

मोबाइलच्या फोटोत नॉइज (बारीक ठिपके) आहे, पक्षी गुळगुळीत आहेत. शेवटी सगळ्यावर एकच बारीक ग्रेन.

---

आर्टिस्ट व्हिलेजवाली | सोमवार, सकाळी ११:३०

सगळ्यांचं वाचलं, भरपूर शिकले, पण मला एक पटत नाहीये. सांधे दिसले तर बिघडलं कुठे? "खरं वाटलं पाहिजे" हा हट्ट जाहिरातवाल्यांचा आहे. बर्लिनमध्ये १९१९-२० च्या सुमारास हाना ह्योख ही कलावंत मासिकांतली छायाचित्रं कात्रीने कापून चिकटवत होती. तिचे सांधे ओरडून सांगतात की हे कापलेलं आहे. राजकारण्यांची डोकी नर्तकींच्या धडांवर आहेत, ती जुळूच नयेत ही तर गंमत. ताईंच्या भाचीला स्टिकर वाटले तर वाटू देत की!

बेलापूरला आमच्या वस्तीत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी घरं अशीच बांधली की लोकांनी आपापल्या मनाने वाढवावीत. आज एकही घर दुसऱ्यासारखं नाही आणि जोड सगळीकडे दिसतात.

---

सावलीचा पाठलाग | सोमवार, दुपारी १:१५

ह्योखबद्दल मान्य. पण तिला जे सांगायचं होतं त्याला कात्री लागते. ताईंचं चित्र वेगळं आहे. त्यात एकच अशक्य गोष्ट आहे: लोकलमध्ये खाडी. ती अंगावर यायची असेल तर बाकी सगळं कंटाळवाणं खरं हवं. थाप एकच मारायची, आणि तिच्याभोवती कड्या, पंखे, पानाची पिंक सगळं जिथल्या तिथे. दुसरी थाप मारली की पहिलीची हवा गेली. सावली चुकली ही दुसरी थाप.

तुमच्या बाजूचंच उदाहरण देतो. आर्जेंटिनात ग्रेटे श्टेर्न या छायाचित्रकार बाईने १९४८ ते १९५१ या काळात बायकांच्या एका मासिकासाठी वाचकांनी कळवलेल्या स्वप्नांवर फोटोमोंताज (जोडचित्रं) केले. एका बाईला टेबललॅम्पचा खांब केलंय, आणि पुरुषाचा हात तो दिवा लावायला येतोय. अशक्य गोष्ट एकच, बाकी साधं घरातलं. म्हणून अंगावर येतं.

---

आर्टिस्ट व्हिलेजवाली | सोमवार, दुपारी २:००

श्टेर्नचं काढलंत म्हणजे मी अर्धी हरले. :) पण मग चित्रकार विवान सुंदरमही घ्या. आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेले घरचे जुने फोटो घेऊन त्यांनी २००१ पासून संगणकावर ते एकत्र केले. वेगवेगळ्या काळातल्या चित्रकार अमृता शेरगिल, आजोबा, आजी एकाच खोलीत. सांधा शोधून सापडत नाही. आणि तरी बघताना कळतं की ही माणसं एका वेळी इथे असणं शक्य नाही. ते कळायला सावली चुकवावी लागली नाही. काकांच्या स्टुडिओतलं कामही याच जातीचं म्हणायचं.

ताई, एक पक्षी मात्र जाणूनबुजून कात्रीने कापल्यासारखा ठेवा. माझ्यासाठी.

---

ओहोटी | सोमवार, दुपारी २:२०

नाही ठेवणार. :D

---

प्रॉम्प्टपंत | सोमवार, सायंकाळी ६:४५

एवढी मारामारी कशाला? 'मुंबई लोकलमध्ये पाणी आणि फ्लेमिंगो' एवढं लिहा, अर्ध्या मिनिटात चार चित्रं. सावल्या, प्रतिबिंबं सगळं फुकट. २०२३ पासून फोटोशॉपमध्येच जनरेटिव्ह फिल (एआयने चित्राचा भाग भरून देणारी सोय) आहे. मी करून बघितलं, खाली लावलंय.

---

पाणथळी | सोमवार, सायंकाळी ७:१०

पंत, तुमच्या डाव्या पक्ष्याला तीन पाय आहेत. आणि त्याची जात मला ओळखता येत नाही, बहुतेक निसर्गालाही येणार नाही.

---

येऊरवाला | सोमवार, सायंकाळी ७:३५

पायाचं जाऊ द्या, पुढच्या आवृत्तीत दोनच येतील. माझी अडचण डब्याची आहे. पंतांच्या डब्यात सीटा बसच्या, कड्या कुठल्या तरी मेट्रोच्या, आणि दारावरची पाटी बघा: देवनागरीसारखं दिसणारं काहीतरी, त्यात एकही अक्षर वाचता येत नाही. हार्बरच्या डब्यात रोज उभ्याने जाणारा अर्ध्या सेकंदात सांगेल की हा आपला डबा नाही. ताईंच्या चित्राचा सगळा जीव त्या ओळखीत आहे. सीटच्या पाठीवर कुणीतरी चावीने कोरलेलं नाव, खिडकीच्या जाळीत अडकलेला शेंगदाण्याचा कागद, हे ताईंच्या फोटोत आहे. यंत्राला ते मागितल्याशिवाय सुचणार नाही, आणि मागायला आधी बघावं लागतं.

तरी सोवळं मी पाळत नाही. फ्रेम वरून दोन बोटं कमी पडत असेल तर छत वाढवायला जनरेटिव्ह फिल बिनधास्त वापरा. फक्त कुठे काय वापरलं ते लिहा.

---

प्रॉम्प्टपंत | सोमवार, रात्री ८:००

पाटीचं मान्य. तीन पायांचं नाही, ते सरिअल होतं. ;)

---

प्लॅटफॉर्म दहा | मंगळवार, सकाळी ८:२५

एक व्यवहाराचं. चित्र विकणार किंवा जाहिरातीला देणार असाल तर रेल्वेच्या हद्दीत व्यावसायिक फोटोग्राफीला रेल्वेची परवानगी लागते, ते आधी बघून घ्या. आणि पुलाचा फोटो ड्रोनने घ्यायचं कुणाच्या डोक्यात असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा उघडा. आपल्याकडे विमानतळ आता एक नाही, दोन.

---

ओहोटी | बुधवार, रात्री ११:१८

दुसरी आवृत्ती लावलीये. पुढचा पक्षी गेला. डोकी रेघेखाली आली. लहान-मोठे वेगळे केले, दोन राखाडी पिल्लंही घेतली. डाव्या दारातून ऊन आत आणलं, आणि तिथे एक गंमत झाली: ऊन आल्यावर पाण्यावर धुळीचा तवंग दिसायला हवा असं वाटलं, म्हणून खाडीच्या मूळ फोटोतून तवंगाचाच तुकडा उचलून स्क्रीन (खालचं चित्र उजळणाऱ्या) मोडवर ठेवला. आता पाणी एकदम आपलं वाटतंय, घाण आणि ओळखीचं.

पिसांच्या कडांना खाडीचा करडा रंग लागला होता तो निवड सुधारून जाईना. शेवटी चॅनेल्समध्ये (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दिसतात तिथे) गेले. लाल चॅनेलमध्ये पक्षी उजळ आणि चिखल मध्यम, तोच चॅनेल कॉपी करून लेव्हल्सने ताणला आणि त्याचा मास्क केला. मानेवरची बारीक पिसंसुद्धा सुटली.

भाचीला दाखवलं. ती म्हणाली, "गाडी चालू झाली तर पडतील ना?" मी पास झाले असं समजतेय.

---

सावलीचा पाठलाग | गुरुवार, सकाळी ६:५०

झकास! मागची प्रतिबिंबं आता अगदी हवी तशी. एकच बारकावा: डब्याच्या टोकाचा काळा रंग पुढच्या काळ्याइतकाच काळा आहे. एवढं पाणी आणि दमट हवा आत असली तर लांबचा काळा थोडा राखाडी होतो. शेवटच्या तीन पक्ष्यांवर कर्व्हजचं खालचं टोक केसभर उचला. केसभरच. जास्त उचललंत तर मसुरीचं धुकं होईल.

---

टोमणेसम्राट | शुक्रवार, सकाळी ८:४०

ओहोटीताई, अभिनंदन. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं चित्र आलंय. खाली लिहिलंय: "कारशेडमध्ये भरतीचं पाणी शिरलं, आज हार्बर बंद, सगळ्यांना पाठवा." दोघांनी ऑफिसला वर्क फ्रॉम होम कळवलंसुद्धा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना पक्ष्यांना खायला काय द्यायचं ते हवंय.

---

ओहोटी | शुक्रवार, सकाळी ९:०२

अरे देवा. कोपऱ्यात नाव होतं की माझं.

---

येऊरवाला | शुक्रवार, सकाळी ९:३०

कोपरा कापून टाकलाय. पुढे पाठवताना फाइलमधली माहितीही गळून पडते, त्यामुळे त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. नाव कोपऱ्यात ठेवूच नका, चित्राच्या आत ठेवा. साखळीवरच्या सूचनेच्या पाटीवर, त्याच पर्स्पेक्टिव्हमध्ये, त्याच टाइपात 'हे दृश्य रचलेले आहे' असं लिहा. कापायला गेलं तर निम्मं चित्र जातं. आणि इथे लावाल ते लांबीला हजारेक पिक्सेलचंच लावा, मोठी फाइल घरात.

---

आर्टिस्ट व्हिलेजवाली | शुक्रवार, सकाळी ९:४५

बघा! सांधा हवाच होता शेवटी. मी म्हणत नव्हते?

---

सावलीचा पाठलाग | शुक्रवार, सकाळी १०:१०

पाटीवर लिहिलेलं चालेल. त्याला मी सांधा म्हणणार नाही, पण आज तुमच्याशी भांडत नाही.

---

पाणथळी | शुक्रवार, सकाळी ११:००

टोमणेसम्राट, काकूंना सांगा, काही देऊ नका. आणि ताई, हे चित्र वन्यजीव छायाचित्रांच्या स्पर्धेला पाठवायचा मोह होईल, तिथे जोडचित्रं चालत नाहीत. कलाविभाग वेगळा असेल तर तिथे खुशाल पाठवा.

---

ओहोटी | रविवार, सकाळी १०:३०

पाटी बदलली, मागचा काळा उचलला. आता छापायचं आहे, घरच्या भिंतीसाठी, १८ बाय १२ इंच. फाइल मोबाइलच्या फोटोवर बेतलेली, ४००० बाय ३००० पिक्सेल. चालेल का? आणि मॉनिटरवरचा गुलाबी छापल्यावर मळकट येतो असं ऐकलंय.

---

येऊरवाला | रविवार, सकाळी ११:१५

१८ इंचाला ४००० म्हणजे इंचाला सव्वादोनशेच्या आसपास. १८ बाय १२ चा आकार ३:२ आहे, तुमची फाइल ४:३, त्यामुळे वरखालून थोडं कापलं जाईल. छतातून कापा, पाण्यातून नको. भिंतीवर दोन-तीन फुटांवरून बघायचं तर एवढे पिक्सेल भरपूर. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत द्या आणि लॅबकडून त्यांच्या कागदाचं रंग-प्रोफाइल मागून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल ते स्क्रीनवर, बघा. जो गुलाबी तिथे विझतो तो आधीच थोडा कमी करा. सगळं चित्र नाही, फक्त पक्षी. आधी लहान चाचणी प्रिंट काढा, आठ बाय दहाची.

---

नौपाडेकाका | रविवार, दुपारी १२:४०

मॅट कागद घे. चकचकीत कागदावर घरातली ट्यूब दिसते आणि डब्यातल्या ट्यूबा मरतात. फ्रेमला काच लाव, पण प्रिंट आणि काच यांच्यामध्ये जाड माउंट (पुठ्ठ्याची चौकट) ठेवायला सांग. आपल्याकडच्या पावसाळी हवेत प्रिंट काचेला चिकटला की सोडवता येत नाही, वरचा थर काचेबरोबर निघून येतो. आणि ती फ्रेम बाहेरच्या भिंतीवर लावू नकोस, ओल येते. आतल्या भिंतीवर लाव.